गोड केलेली तबकडी

"ही बाई कोण, ते आधी सांगा!"

आमच्या आणि धाकट्या दिरांच्या घरामधली भिंत म्हणजे नावाला भिंत. पलीकडे कुणी खोकलं की अलीकडे आमचे हे पाण्याचा तांब्या घेऊन उठायचे. त्यामुळे त्या दुपारी मी मुद्दाम ऐकलं असं कुणी म्हणू नये. उलट ऐकू येऊ नये म्हणून मी पातेलं घासायला घेतलं होतं. पण माझ्या धाकट्या जावेच्या आवाजापुढे पातेल्याचं काही चालेना.

"कोण म्हणजे? तूच आहेस," भाऊजी म्हणत होते.

"मी? मी अशी बोलते?"

"अगं, परवा तूच नाही का मशीनपुढे बसून बोललीस? बाजारात गेले, चप्पल तुटली, तशीच अनवाणी आले..."

"शब्द माझेच आहेत. आवाज कुणाचा आहे? एवढी लोणी लावल्यासारखी कोण बोलते? लग्नाला वर्ष झालं नाही, आणि माझे शब्द दुसरीच्या तोंडात घालून घरात ऐकत बसता होय?"

"दुसरी कुठून आणू? इथे एकीलाच..." आणि भाऊजींनी बाकीचं गिळलं.

"एकीलाच काय? बोला ना! एकीलाच काय?"

त्यानंतर काहीतरी पडलं. फुटलं नाही, नुसतं गोल गोल फिरत जाऊन आडवं झालं. मी ओळखलं, तबकडी.

ती दुसरी बाई कुणी नव्हती. भाऊजींना तेवढी उठाठेव झेपली नसती. माणूस गेला की लोक त्याला लगेच शहाण्यात काढतात, म्हणून आधीच सांगून ठेवते, आमचे भाऊजी शहाणे नव्हते. कामसू होते, लाघवी होते, आणि नको तिथे हट्टी होते. पण बाईच्या भानगडीतले नव्हते. भानगड होती ती त्यांच्या धंद्यात.

धंदा तबकड्या कापायचा. त्या काळी फोन मोजक्या घरांत. कुणाला आपला आवाज लांबच्या माणसाला पाठवायचा असला, की तो भाऊजींच्या पुढच्या खोलीत यायचा, मशीनपुढे बसून बोलायचा नाहीतर गायचा, आणि भाऊजी तो आवाज तबकडीवर कापून द्यायचे. कापून म्हणजे खरंच कापून. काळी गुळगुळीत तबकडी फिरायची, वरून सुई तिच्यात रेघ कोरत जायची, आणि त्या रेघेतून केसासारखा काळा कीस निघायचा. तो कीस भाऊजी ब्रशने गोळा करायचे. जो हातून सुटायचा, तो आम्हाला दोन्ही घरांत जेवताना सापडायचा.

परदेशी गेलेल्या मुलाशी बोलायला आई यायची. निवृत्त होणारे हेडमास्तर आपलं भाषण घेऊन यायचे. आपण गातो असा स्वतःबद्दल गैरसमज असलेली माणसं तर रांग लावायची. त्या सगळ्यांवर भाऊजींचा एकच इलाज. मशीनला दोन बटणं होती, एक आवाज जाड करायचं, एक बारीक. बारीक आवाज कानाला टोचतो, असं भाऊजींचं ठाम मत. म्हणून समोर कुणीही येवो, बटणावरचा हात आपोआप फिरायचा. बारीक कमी, जाड जास्त. वर सुरुवात जरा हळू, शेवट जरा लांबवून. हेडमास्तर घरी जाऊन आपली तबकडी ऐकायचे, तर त्यांना स्वतःबद्दल नव्याने आदर वाटू लागायचा.

सगळी गल्ली खूश. नाखूश एकटी घरची बायको.

कारण माझ्या जावेचा आवाज म्हणजे पत्र्यावर ओढलेला खिळा. ती स्वतःही ते नाकारायची नाही. शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात ती शिवणकामाला होती. तिथल्या मशीनींच्या गडगडाटातून फक्त तिचीच हाक शेवटच्या रांगेपर्यंत पोचते हे मालकाच्या लक्षात आलं आणि त्याने तिला मुकादम केलं. म्हणजे त्या आवाजावर तिने नाव कमावलं होतं. आणि नवऱ्याने काय केलं, तर तो खिळाच काढून घेतला. त्या दुपारी पडलेली तबकडी तिने पुन्हा वाजवू दिली नाही. डाळीच्या डब्याचं झाकण हरवलं होतं, त्या डब्यावर ती तबकडी बरोबर बसली.

पुढे कॅसेटी आल्या आणि भाऊजींचा धंदा बसला. जो तो घरीच टेपरेकॉर्डर घेऊन आपापला आवाज आपणच बिघडवायला लागला. भाऊजींना कॅसेट बघितली तरी राग यायचा. "आवाज काय असा गुंडाळून ठेवायची वस्तू आहे? ही फीत आहे का चपलेचा बंद?" म्हणायचे. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली, निवृत्त होईपर्यंत केली. पण तबकडी कापायचं मशीन पुढच्या खोलीत तसंच राहिलं, वर चादर टाकून. पाहुण्यांना वाटायचं, कुणीतरी झोपलंय.

त्यात तो ठोकळा आला.

गावात कॉम्प्युटर शिकवायचा एक क्लास होता, तो बंद पडला. माळा रिकामा करताना तिथे अगदी सुरुवातीच्या काळातला एक कॉम्प्युटर निघाला. मालक भाऊजींना ओळखायचा. म्हणाला, "नेता का? नाहीतर रस्त्यावर ठेवतो." भाऊजींनी तो छातीशी धरून आणला. जावेने दारातच विचारलं, "हा ठोकळा कशाला?" आणि तेव्हापासून त्याचं नाव ठोकळाच पडलं.

ठोकळ्याची गंमत मला भाऊजींनी सांगितली तशी सांगते. तो इतका जुना, की चालू केला की त्याला काहीच आठवायचं नाही. पडद्यावर एक चौकोन लुकलुकत राहायचा, बस. मग त्याला टेपरेकॉर्डर जोडायचा आणि त्याच्याबरोबरच आलेली एक कॅसेट ऐकवायची. त्या कॅसेटवर गाणं नाही, बोलणं नाही, नुसतं किंचाळणं. ते किंचाळणं शेवटपर्यंत ऐकलं की ठोकळ्याला आपण कोण हे आठवायचं आणि तो कामाला लागायचा.

"वहिनी, हा कानाने जेवतो," भाऊजी म्हणाले.

"मग वाढा त्याला," मी म्हटलं.

वाढलं. पहिल्यांदा ती कॅसेट वाजली तेव्हा समोरच्या घरातून विचारणा आली, "काय झालं? वहिनी का चिडल्यात?" जावेने खिडकीतून उत्तर दिलं, "मी इथे गप्प बसलेय! हा ठोकळा ओरडतोय!" आता आवाजावरून दोघांत फरक करणं खरंच कठीण होतं, पण तसं म्हणायची हिंमत कुणाची?

भाऊजींना ठोकळ्याचं वेडच लागलं. रोज चालू करायचे, रोज किंचाळणं. आणि त्याच सुमाराला जाऊ कारखान्यातून निवृत्त झाली.

खरी भानगड इथे सुरू झाली. जावेला घरी शिवणकाम करायचं होतं. गिऱ्हाइकं होती, हातात कसब होतं, मशीनही होतं, पण मशीन ठेवायला जागा स्वयंपाकघरातली. बायका माप द्यायला यायच्या त्या शेगडी आणि मोरीच्या मधे उभ्या राहायच्या. एकीच्या नव्या कापडावर तेल उडालं. दुसरीने हात वर केले तर वरच्या फळीवरचे डबे खाली आले. एके दिवशी जाऊ आमच्याकडे आली, खुर्ची ओढून बसली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. मला धडकीच भरली.

"ताई, आयुष्यभर दुसऱ्याच्या छपराखाली दुसऱ्याच्या मशीनवर शिवलं. आता मला एक खोली पाहिजे. जिच्या भिंतीला माणूसभर उंच आरसा लावता येईल अशी. पुढची खोली माझी झाली पाहिजे."

"मग सांग त्यांना."

"सांगितलं. म्हणाले, ठोकळा कुठे ठेवू?"

आमच्या ह्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं. मोठा भाऊ म्हणून ह्यांना पंच व्हायची भारी हौस. भाऊजी म्हणाले, "ठोकळा निकामी नाही. कॅसेट जुनी झालीय आणि टेपरेकॉर्डर फीत चावतो, म्हणून हल्ली अडकतो. मी ती कॅसेट तबकडीवर कापून घेतो. तबकडी चावली जात नाही. मग बघा, जन्मभर चालेल."

"तबकडी वाजवून कॉम्प्युटर चालू करणार?" हे म्हणाले. "उद्या फ्रीजला अंगाई म्हणशील लेका."

"अरे दादा, त्याला कान आहे. फितीतून ऐकलं काय आणि तबकडीतून ऐकलं काय!"

जाऊ म्हणाली, "ठीक आहे. भंगारवाला पुढच्या फेरीला आला की निकाल. तोपर्यंत तुमचा ठोकळा तबकडीवर चालू झाला, तर खोली त्याची. मी मोरीपाशी शिवेन, तोंडातून शब्द काढणार नाही. नाही झाला, तर ठोकळा, ते चादरीखालचं मशीन, सगळ्या वायरी, सगळं हातगाडीवर."

शब्द काढणार नाही, हे ऐकून भाऊजी एकदम तयार झाले.

दुसऱ्याच दिवशी चादर निघाली. जाऊ कुणाचं तरी माप घ्यायला बाहेर गेली होती. मी तिचे बटणांचे डबे निवडत त्याच खोलीत बसले होते. भाऊजींनी मशीनला तेल घातलं, जपून ठेवलेली कोरी तबकडी फडक्यातून काढली, सुई लावली. टेपरेकॉर्डरवर कॅसेट किंचाळायला लागली आणि इकडे तबकडी फिरायला लागली. किती वर्षांनी तो काळा कीस निघताना बघितला! भाऊजी डोळे मिटून, मान डोलवत, एक हात बटणावर ठेवून उभे. आचाऱ्याने चव घ्यावी तसे ऐकत होते. शेवट आला, सुई उचलली, आणि त्याच क्षणी टेपरेकॉर्डरने कॅसेटची सगळी फीत बाहेर ओढून तिचा चोथा केला.

"मेली एकदाची," भाऊजी म्हणाले. "जाऊ दे. आता तबकडी आहे."

तबकडी होती. पण ठोकळा काही ऐकेना.

भाऊजी रेकॉर्डप्लेअरमधून, म्हणजे त्यांच्या भाषेत वाजंत्रातून, वायर काढून थेट ठोकळ्याच्या कानात खुपसायचे, सुई ठेवायचे आणि पडद्याकडे बघत बसायचे. आवाज बाहेर यायचाच नाही, वायरीतूनच जायचा. तबकडी संपायची. चौकोन लुकलुकत राहायचा. त्यांनी सुई बदलली. मग त्यांना शंका आली की तबकडीचं भोक केसभर बाजूला पडलंय, त्यामुळे आवाज झोके घेतोय. भोकात कागदाची पट्टी बसवून ते मधोमध आणलं. मग धुळीवर संशय आला, तबकडीला आंघोळ घातली. मग वायरीवर संशय, मग विजेवर, मग माझ्यावर.

"वहिनी, तुम्ही बटणं खुळखुळवलीत का कापताना?"

"माझी बटणं ऐकून जर हा बिथरत असेल तर तो कॉम्प्युटर नव्हे, मांजर आहे," मी म्हटलं.

स्वयंपाकघरातून जावेच्या मशीनचा आवाज यायचा, आणि मधूनच गुणगुणणं. ती आरसा बघून आली होती. कुठे टांगायचा तिथे पुढच्या खोलीच्या भिंतीवर खडूने रेघ मारून ठेवली होती. त्या रेघेकडे भाऊजी जाता येता बघायचे आणि उदास व्हायचे. जेवण कमी झालं. एकदा मला म्हणाले, "वहिनी, मी आयुष्यात एवढ्या तबकड्या कापल्या, एकही परत आली नाही. आणि शेवटची मुकी निघाली." मी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

भंगारवाला आला तो भर दुपारी. हातगाडी दारात लावली, पायरीवर बसला, चहा मागितला. सगळी हकीकत त्याला ह्यांनी आधीच सांगून ठेवली होती.

"काका, करा तुमचं सावकाश," तो भाऊजींना म्हणाला. "मी थांबतो. भंगार काय पळून जातंय?"

"भंगार कुणाला म्हणतोस रे?"

"तुम्हाला नाही काका. अजून."

आम्ही सगळे पुढच्या खोलीत जमलो. जाऊ गळ्यात मापाची फीत टाकून दारात उभी राहिली, खडूच्या रेघेजवळ. भाऊजींनी ठोकळा लावला. चौकोन लुकलुकायला लागला. सुई ठेवली. तबकडी फिरत राहिली, फिरत राहिली, संपली. काही नाही. पुन्हा ठेवली. पुन्हा काही नाही.

"नुसतीच फिरतेय," भंगारवाला म्हणाला. "वाजत काहीच नाही."

"वाजतंय, वायरीतून जातंय."

"मग आम्हालाही ऐकू दे ना," हे म्हणाले. "हरायचंच आहे तर निदान गाणं तरी ऐकून हर."

भाऊजींनी चिडून भोंग्याची तार जोडली आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. खोलीत आवाज आला. काय सांगू, इतका गोड! लांब कुठेतरी कुणी कबुतरं पाळलीत आणि ती एकमेकांना दुपारची विचारपूस करतायत, असं. भंगारवाला पेंगायला लागला. मीही भिंतीला टेकले.

आणि मी पाहिलं, जावेच्या चेहऱ्यावर काहीतरी चाललंय. भुवया जवळ आल्या. तोंड उघडलं, मिटलं. गळ्यातली फीत तिने दोन्ही हातांनी धरली. हे तिच्याकडे बघून बोट ओठावर ठेवत होते, गप्प बस, खोली तुझी झालीच आहे. तिलाही ते कळत होतं. तिने तोंड फिरवलं, खडूच्या रेघेकडे बघितलं. मला वाटलं, जमलं हिला.

नाही जमलं.

"अहो! हा असा कुठे वाजायचा?"

भाऊजी दचकले. "कोण?"

"ठोकळ्याचं किंचाळणं! कॅसेटवर कसं अंगावर काटा आणायचं. हे काय वाजतंय? काय केलंत त्याचं?"

"काही नाही. कापलं फक्त."

"नुसतं कापलंत?"

"म्हणजे... जरा टोचत होतं, म्हणून थोडं..."

"गोड केलंत!" जावेने अशी काही किंकाळी फोडली की भंगारवाल्याचा चहा सांडला. "माझं केलं होतंत तेच ह्याचंही केलंत! चांगलं धडधाकट ओरडणारं माणूस घ्यायचं आणि त्याचं दूधपाणी करायचं! त्या ठोकळ्याला तरी कसं ओळखू येणार? मला माझाच आवाज ओळखू आला नव्हता!"

तबकडी बिचारी घुमतच होती. भाऊजींच्या चेहऱ्यावर मी असं आश्चर्य कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं, जणू तो हात भाड्याने आणलेला होता.

"मला आठवतसुद्धा नाही गं, मी बटण कधी फिरवलं," ते म्हणाले.

"तुम्हाला आठवायची गरज काय? तुमचा हातच तसा."

"आता? कॅसेट तर मेली."

"नेहमी काय करता?"

"नेहमी? बारीक कमी, जाड जास्त."

"मग आता वाजवताना उलटं करा. बारीक जास्त, जाड कमी. काढून घेतलंत ते परत द्या त्याला."

हे कपाळाला हात लावून बसले. "अगं वेडे, खोली गेली ना तुझी!"

"जाऊ दे दादा! पण हे मला ऐकवत नाही!"

भाऊजी वाजंत्रापाशी गेले. त्यालाही तशीच दोन बटणं. बारीकच्या बटणाला हात लावला. आणि हात हलेना. खरं सांगते, थट्टा नाही. ते बटण उजवीकडे फिरवायची सवयच त्या हाताला नव्हती. जरासा फिरवला, लगेच अर्धा मागे आला. पुन्हा फिरवला, पुन्हा मागे.

"फार टोचेल गं," भाऊजी म्हणाले.

"व्हा बाजूला!" जावेने त्यांना कोपराने सारलं आणि बटण पार टोकाला नेलं. दुसरं पार उलट्या टोकाला. "ठेवा सुई."

सुई ठेवली, आणि पुढच्या खोलीत जे काही उठलं त्याला किंचाळणं म्हणणं म्हणजे कमीपणा आहे. दात आंबले. भंगारवाल्याने दोन्ही कान झाकून "आई गं" म्हटलं. समोरच्या घराची खिडकी उघडली आणि लगेच बंद झाली. जाऊ मात्र कमरेवर हात ठेवून ताठ उभी, लेकीचं गाणं ऐकावं तशी.

"हां," ती म्हणाली. "आता बोलतोय माणसासारखा."

आणि चौकोन लुकलुकायचा थांबला. पडदा काळा झाला. मग एक ओळ धावली, मग दुसरी, भराभर अक्षरं उमटायला लागली. तबकडी संपली, सुई शेवटच्या रेघेत खरखरत राहिली. पडद्यावर एकच शब्द उरला. भाऊजींनी वाचून दाखवला.

"तयार."

हे उठून उभे राहिले. भाऊजींनी डोळे पुसले. भंगारवाल्याने कानावरचे हात काढले आणि पुढे येऊन पडदा निरखला.

"तयार कशाला?" त्याने विचारलं.

"म्हणजे आता सांगाल ते करायला तयार."

"मग सांगा ना काहीतरी."

भाऊजी विचारात पडले. इतके दिवस त्याला चालू कसा करायचा एवढंच डोक्यात होतं. चालू झाल्यावर काय करायचं, हे कुणीच ठरवलं नव्हतं.

"नुसता तयार होऊन बसलाय," मी म्हटलं. "असे आमच्या घरात पूर्वीपासून आहेत."

हे माझ्याकडे बघत होते, पण मी काही त्यांचं नाव घेतलं नव्हतं.

हसण्याच्या नादात जाऊ कधी आत गेली ते कळलं नाही. कळलं तेव्हा स्वयंपाकघरातून मशीनचा आवाज येत होता, रागाने मारलेल्या पायडलचा, खडखडखड. बोलली होती तसं, एक शब्द नाही. भाऊजी थोडा वेळ ठोकळ्यापुढे बसून राहिले. जिंकलेला माणूस असा दिसत नाही. मग त्यांनी वाजंत्राच्या बटणाला पुन्हा हात लावून बघितला. उजवीकडे फिरवला. हात पुन्हा मागे आला.

उठले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले.

"ऊठ," मी ऐकलं.

"का?"

"ऊठ म्हणतो ना. वहिनी, इकडे या, मशीनची दुसरी बाजू धरा."

"अहो, कुठे नेताय? मी हरलेय!"

"हरलीस तर हरलीस. मला रोज ठोकळा चालू करायचा तर बटण कोण फिरवणार? माझा हात फिरत नाही, तू पाहिलंस ना? तुला दर वेळी मोरीपासून हाका मारत बसू? माझ्या हाका तुझ्यासारख्या पोचत नाहीत."

आम्ही ते शिलाईचं मशीन पुढच्या खोलीत आणलं. अवजड होतं, माझी पाठ धरली ती अजून सोडलेली नाही. ठोकळा कोपऱ्यात सरकला. तबकडी कापायच्या मशीनवर फळी टाकून कापड बेतायचं टेबल झालं. हे तिथेच ओरडून सांगत होते, "पंचाचा निकाल काय ते तरी विचारा!" पण पंचाला विचारतो कोण.

भंगारवाला रिकामी गाडी बघून खट्टू झाला होता. भाऊजींनी त्याला टेपरेकॉर्डर उचलून दिला, कॅसेटच्या चोथ्यासकट. भाऊजींना एवढ्या आनंदाने काही टाकताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

खडूच्या रेघेवर आरसा लागला. बायका माप द्यायला येऊ लागल्या. नव्या बाईला आधी सांगावं लागायचं, घाबरू नका, आता एक आवाज होईल. जाऊ तोंडात टाचण्या धरून डाव्या हाताने बटण फिरवायची, ठोकळा किंचाळायचा, तयार व्हायचा, आणि तसाच बसायचा. बायका घाबरून श्वास आत ओढून घ्यायच्या, त्यामुळे कमरेची मापं कमी भरतात असं जावेच्या उशिरा लक्षात आलं. मग ती ठोकळा आणि माप वेगवेगळ्या वेळी घ्यायला लागली.

भाऊजींना ठोकळ्याशिवाय दुसरं काम नव्हतं, म्हणून वरकाम त्यांच्याकडे आलं. शिवलेले कपडे पोचवायचे, निरोप सांगायचे. जाऊ म्हणायची, "त्या बाईला सांगा, मी शिवण तिसऱ्यांदा उसवणार नाही, तिने खाणं आवरावं." भाऊजी तिथे जाऊन सांगायचे, "कापड धुतल्यावर जरा आटतं हो." गिऱ्हाईक टिकलं ते कसबावर किती आणि ह्या निरोपांवर किती, ते देव जाणे.

गेल्या वर्षी भाऊजी गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास दिला नाही. फक्त सकाळी चहा घेऊन गेलेल्या जावेला वाटलं, ऐकू येत नसल्याचं सोंग करतायत, आणि तिने दोनदा हाक मारली. ती आम्हालाही ऐकू आली.

आदल्या दिवशी संध्याकाळी ती एका कोटाला अस्तर लावत होती. दोरा संपला. कोटाच्या कापडाचा तुकडा तिने भाऊजींच्या हातात दिला. "ह्याच रंगाचा आणा. ह्याच म्हणजे ह्याच." दोरा आणायचं काम कायम भाऊजींचं. दुकान कोपऱ्यावर. तिथे ते तुकडा काउंटरवर ठेवायचे, दुकानदाराशी गप्पा मारायचे, आणि गप्पांच्या नादात शेजारच्या रंगाचं रीळ उचलून यायचे. कायम.

त्या संध्याकाळीही आणलं. मी आरशापाशी स्टुलावर बसले होते. जावेने रीळ खिडकीपाशी नेऊन तुकड्यावर धरलं.

"हा काय रंग आहे?"

"करडा."

"हा करडा? हा मातकट आहे."

"उजेडात बघ."

"उजेडातच बघतेय."

"मग कापड जरा मातकट आहे."

"अहो, जा!"

भाऊजींनी काढलेल्या चपला पुन्हा पायात घातल्या, पुटपुटत पायरी उतरले. दुकानदाराने करड्या दोऱ्याचं रीळ काढून काउंटरवर ठेवलंच होतं. भाऊजी परत येणार हे त्याला ठाऊक असायचं. भाऊजींनी मातकट दिला, करडा घेतला, घरी आले, आणि रीळ जावेपुढे ठेवून पिशवी खुंटीला लावली.